कोणाच्याच शेतातून न जाणारा बंधारा

गरज ओळखण्याच्या बाबतीत माझा हात धरील असं माणूस निदान पुण्यात तरी नाही. हे मी म्हणत नाही, आमचे साहेब म्हणतात. मी फक्त ते जमेल तिथे सांगते.

माझं कामच ते आहे. मेट्रोचे सिग्नल, धरणाचे दरवाजे, विमानतळावर बॅगा फिरवणारे पट्टे, असलं काही अवाढव्य उभं करायचं ठरलं की पहिली कुदळ पडायच्या आधी मला बोलावतात. मी जाते आणि विचारते: हे कोणाला हवंय, कशासाठी हवंय, आणि नसलं तर काय अडेल? ऐकायला सोपं वाटतं ना? एका ठिकाणी इस्पितळाची सात मजली इमारत झाली, लिफ्ट बसली, फीत कापली, आणि मग कळलं की लिफ्टमध्ये स्ट्रेचर उभं केल्याशिवाय मावत नाही. कारण वॉर्डबॉयला कोणी विचारलंच नव्हतं! ही गोष्ट मी नव्या पोरांना शिकवताना सांगते. मग फळ्यावर लिहिते: आधी विचारा, मग पडताळा, मग गोठवा. गोठवा म्हणजे सगळ्यांचं एकदा ठरलं की नंतर शब्द फिरवायचा नाही. माझ्या सगळ्या नोकरीत अजून एकाही प्रकल्पाच्या गरजा गोठल्या नव्हत्या. पायाभरणी झाल्यावरसुद्धा लोक येऊन म्हणतात, "मॅडम, जरा पूल डावीकडे सरकवता येईल का?"

तर अशी मी, रॉविना, मे महिन्यात सुट्टी घेऊन गावी आले. आमचं गाव खाजणवाडी, मालवणच्या खाडीकाठी. आले ती एक निश्चय करूनच आले होते. यंदा पपांचं शेत वाचवायचं.

शेताचं दुखणं असं. दोन टेकड्यांच्या मध्ये एक चिंचोळी सखल पट्टी आहे. तीत सगळ्यांची शेतं एकामागे एक, शिडीच्या पायऱ्यांसारखी. सगळ्यात खालची पायरी, खाडीला लागून, आमची. खाडीकडचा जुना मातीचा बांध फुटल्यापासून उधाणाचं खारं पाणी आत शिरतं. वरच्यांच्या भातालाही ते चटका देतं, पण आमच्या शेतात तर भाताची काडीसुद्धा उभी राहत नाही. माझे पपा, म्हणजे जॉन, रोज संध्याकाळी हात मागे बांधून त्या शेताच्या कडेला उभे राहतात आणि नुसते पाण्याकडे बघतात. मी आले त्या दिवशी त्यांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "खारा आसा. बरा खारा आसा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या माणसानं त्या शेतातल्या भातावर मला शिकवलं होतं!

आणि नशीब बघा, पाटबंधारे खात्यानं खाडीवर नवा बंधारा मंजूर करायचं काढलंच होतं. साधासुधा नव्हे. भरती आली की आपोआप मिटणारे दरवाजे, पावसाचं पाणी उपसायला पंप, वरून ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता. बांधायचा कुठे एवढाच प्रश्न होता. अगदी काठावर कांदळवन, त्याला हात लावता येत नाही. म्हणजे कोणाच्या ना कोणाच्या शेतातून तो आडवा जाणार. खात्याचे तरुण इंजिनिअर कौस्तुभ साहेब फोनवर मला म्हणाले, "मॅडम, मी रविवारी येतो. गावानं एकमुखानं जागा सांगितली तर प्रस्ताव सोमवारी वर जाईल. नाही तर पलीकडच्या गावाचा तयारच आहे."

"साहेब, तुम्ही निर्धास्त या," मी म्हटलं. "गरजांचं विश्लेषण माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन निघाले तर पपा ओट्यावर कानात वायरी घालून मोबाइलवर काहीतरी बघत होते. बहुधा भजनं. मला बघून त्यांनी एक वायर काढली.

"रॉविना, जाण्याआधी माका एक सांगूचा आसा."

"आल्यावर, पपा."

"तुमच्या पुण्यात सुंगटांचो भाव काय गो?"

"पपा, मी इथे शेताचं बघतेय आणि तुम्हाला कोळंबी खावीशी वाटतेय? आल्यावर बोलू."

आईनं आतून विचारलं, "पपाक इचारलंस, तेंका काय व्हया ता?"

"पपांना काय विचारायचं? त्यांच्यासाठीच तर चाललंय!"

आईचं नाव ईडा. ती फारसं बोलत नाही, पण भांडं जोरात ठेवते. तिनं एक टोप जोरात ठेवला.

पहिलं घर बाबूकाकांचं. गावचे मानकरी, आणि शेतावर आमचे सख्खे शेजारी. आमच्या आणि त्यांच्या शेतामधला बांध कोणाचा यावरून पपा आणि बाबूकाका माझ्या जन्माआधीपासून भांडत आहेत. बाकी एकमेकांच्या घरी चहा घेतात.

"बाबूकाका, गावाला बंधाऱ्याची गरज आहे?"

"आमका काय नको. आमचा बरा चल्लाहा."

"म्हणजे बंधारा नको?"

"बंधारो व्हयो. पण माझ्या शेतातसून जावचो नाय."

"मग कोणाच्या शेतातून जावा?"

"लवूच्या जावंदे. तो खयचा शेत करता? दिवसभर कॅरम खेळता."

त्यांच्या बायकोनं, सुगंधाकाकीनं, दारातून मान बाहेर काढली. "ता लवूचा माझा नाव घालून लिव नको हां. लवू माझो मावसभाव. पण आमच्या शेतातसून न्हय, ता माझा नाव घालून लिव."

लवूकाका खरोखरच कॅरम खेळत होते. सोंगटीवरची नजर न काढता म्हणाले, "बाबूच्या शेतात काय सोना पिकता? थंयसून जावंदे." यशोदाकाकीकडे मी तिची गरज विचारायला गेले, तर तिनं आधी माझी काढली. वय किती, पगार किती, आणि अजून लग्न का नाही. मधल्या वेळात कोकम सरबत, फणसाचे गरे आणि एका देवगडच्या मुलाचा फोटो. शेवटी उठताना म्हणाली, "बंधारो आमच्या शेतातसून नको, बाय. बाकी खंयनाय जावंदे."

संध्याकाळपर्यंत मी सगळी घरं पालथी घातली. काय हवंय ते एकानंही धड सांगितलं नाही. काय नकोय आणि शेजाऱ्याला काय मिळता कामा नये, हे मात्र प्रत्येकानं तपशीलवार सांगितलं. दुसरं कोणी असतं तर खचलं असतं. मी खूश झाले! नीट बघितलं तर सगळ्या गावाची मागणी एकच होती: बंधारा हवा आणि माझ्या शेतातून नको. आमच्या धंद्यात याला एकमत म्हणतात.

आता एवढ्यावर सह्या घेतल्या की झालं. पण मी सही हा शब्द उच्चारला आणि गाव घरात गेलं. दारं मिटली, कॅरमचा बोर्डसुद्धा उचलला गेला. कोणाच्या तरी पणजोबांनी कुठे तरी अंगठा उठवला होता आणि काजूची अख्खी टेकडी गेली होती म्हणे. तेव्हापासून खाजणवाडीत माणूस सही फक्त पोस्टमनसमोर करतो, तीही उलटसुलट वाचून.

बाबूकाकाच मदतीला आले. "सही कित्याक व्हयी तुका? रविवारी देवळात जमाया. मी गाऱ्हाणा घालतंय. देवासमोर सगळे व्हय म्हणाले म्हणजे झाला."

"आणि नंतर कोणी शब्द फिरवला तर?"

बाबूकाकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चपला घालून गाभाऱ्यात शिरले होते. "देवासमोर बोललेला फिरवतत?"

गोठवणं! आयुष्यात ज्याची वाट बघितली ते गोठवणं माझ्याच गावात, फुकट, शेकडो वर्षं चालू होतं. पुण्यातल्या सगळ्या कंपन्यांनी इथे येऊन शिकावं असं मला वाटलं. मी बाबूकाकांना बजावलं, "ज्यानं जे सांगितलंय ते सगळं घ्या. एकही गाळू नका."

"एक गाळूचंय नाय," बाबूकाका म्हणाले.

गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मानकरी देवासमोर उभा राहून गावाचं म्हणणं एकेक करून, एका ठेक्यात मांडतो, आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्या ठेक्यात एक जादू आहे. दोन-तीन वेळा म्हटलं की पुढचं व्हय आपोआप बाहेर पडतं, काय मागितलं हे कानात शिरायच्या आत.

रविवारी आम्ही चर्चमधली मिसा आटोपून तिघंही देवळात गेलो. चर्च आमचं असलं तरी गावचा रवळनाथ सगळ्या गावाचा, असं पपा मानतात. आईही मानते, फक्त गाऱ्हाण्यात "इडापिडा टळांदे" आलं की ती दर वेळी बाबूकाकांकडे रोखून बघते. कौस्तुभ साहेब जीपमधून उतरले. सभामंडपात एका बाकड्यावर त्यांनी शेतांचा नकाशा पसरला आणि लाल पेन्सिल काढली. मी त्यांना समजावलं, "आता एकेक अट येईल. जे शेत नको म्हणतील ते खोडत जायचं. उरेल ते उत्तर. आणि इथे दिलेला शब्द फिरत नाही."

"वा, मॅडम," ते म्हणाले. "अगदी शास्त्रशुद्ध."

मी पपांकडे बघून हसले. पपा काहीतरी सांगायला माझ्याजवळ सरकले, तेवढ्यात बाबूकाकांनी खाकरून सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरा बंधाऱ्यासाठी तुझ्या दारात उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो बंधारो, सुगंधेचा आणि माझा जा शेत आसा, तेच्यातसून जावचो नाय असा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबांनी एक शेत खोडलं.

"तसोच तो लवूच्या शेतातसून जावचो नाय असा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणखी एक शेत गेलं. मग यशोदाकाकीचं गेलं, मग तिच्या दिराचं. बाबूकाकांना ठेका सापडला होता. आवाज चढत होता, मंडप घुमत होता, पेन्सिल सपासप चालत होती. मी प्रत्येक व्हय म्हाराजाला मनापासून सूर देत होते. माझ्या शेजारी पपांचा आवाज तर सगळ्यांत मोठा. पुण्यात गरजांची बैठक घ्यायची म्हणजे दहा माणसांत अकरा मतं, आणि इथे अख्खं गाव एका सुरात! आनंदानं माझ्या अंगावर काटा आला.

"काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि इडापिडा टळांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आईनं रोखून बघितलं आणि गाऱ्हाणं संपलं.

कौस्तुभ साहेबांनी नकाशावर फुंकर मारली. "झकास. एकच शेत उरलंय. सगळ्यात खालचं. बंधारा याच्या मधोमध घेऊ. हे कोणाचं?"

लवूकाकांनी खिशातून सोंगटी काढून तिच्याकडे बघायला सुरुवात केली.

"जॉनबाबचा," शेवटी बाबूकाका म्हणाले.

सगळ्या गावाला मी विचारलं होतं. वर्षातून एकदा गणपतीला येणाऱ्या यशोदाकाकीच्या दिराला मी मुंबईला फोन लावून विचारलं होतं! आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांचं नाव कुठल्याच अटीत नव्हतं. मला वॉर्डबॉय आठवला. माझ्याच पपांना मी वॉर्डबॉय करून ठेवलं होतं.

"पपा," मी म्हटलं, "तुम्ही व्हय का म्हणालात?"

"मगे काय म्हणू? गाऱ्हाण्यात कोण नाय म्हणता?"

"साहेब," मी बाकड्याकडे धावले, "यात जरा बदल करायचाय."

"मॅडम, आता तर तुम्ही म्हणत होतात की इथे शब्द फिरत नाही."

"बाबूकाका, तुम्ही तरी सांगा. परत एकदा गाऱ्हाणं घाला. हे एक शेतही त्यात घाला."

बाबूकाका गंभीर झाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "देवाक सांगून झाला गो. आता बदलूचा तर कौल लावक व्हयो. देवान उजवो दिल्यान तर बदल."

"मग लावा कौल. उजवीकडची पाकळी पडली की देवाचा होकार, एवढं मलाही माहीत आहे."

"कौल लावतलो गुरव. दत्ताराम गुरव गेलोहा खारेपाटणाक, चेडवाकडे. बुधवारी येतलो."

म्हणजे बदल मंजूर करणारं माणूस लेकीकडे, रजेवर! पुण्यातही हेच होतं, फक्त तिथे ते खारेपाटणला जात नाही. साहेबांनी घड्याळात बघितलं आणि नकाशाची एक बाजू गुंडाळायला घेतली. मला रडू यायला लागलं. लाजेनं नव्हे, खरंच रडू. त्या शेतात मी लहानपणी चिखलात लोळले होते, आणि आता मीच गाव गोळा करून त्याच्यावर लाल पेन्सिल फिरवली होती.

तेव्हा पपा पुढे आले. टोपी काढून त्यांनी देवाला नमस्कार केला आणि बाबूकाकांसमोर उभे राहिले.

"बाबू, शेवटाक काय म्हणालंस तू? चुकला-माकला आसात तर पदरात घे. म्हणालंस काय नाय?"

"म्हणालंय. सदीच म्हणतंय."

"सगळे व्हय म्हणाले?"

"म्हणाले."

"मगे ही चूक. आमच्या चेडवान घरातल्याक सोडून गावाक इचारल्यान. देवान ती पदरात घेतल्यान. आता सुधारूक कौल कित्याक व्हयो?"

मंडपात कुजबुज झाली. सुगंधाकाकीनं आधी मान डोलावली, मग यशोदाकाकीनं. मी थक्क झाले. माझ्या कुठल्याच प्रकल्पात चूक झाली तर काय करायचं याचं कलम नव्हतं. आमच्यात चूक झाली तर ईमेल फिरतात.

"पण जॉनबाब, मगे बंधारो घालूचो खंय?" बाबूकाकांनी विचारलं. "माझ्या शेतातसून तर नायच."

"तुझ्या नको, माझ्या नको. मधल्या बांधावर घाल."

सगळं देऊळ पुढे सरकलं. ज्या बांधावरून दोन घरं इतकी वर्षं भांडत होती तो बांध! बाबूकाकांनी डोळे बारीक केले. डोक्यात हिशेब चाललेला दिसत होता.

"म्हणजे तो बांध सरकारचो होतलो?"

"व्हय."

"तुका गावचो नाय?"

"नाय. आणि तुकाय नाय."

बाबूकाकांचा चेहरा हळूहळू फुलला. त्यांच्या बापाला, त्यांना स्वतःला आणि दोन वकिलांना जे जमलं नव्हतं ते झालं होतं. बांध जॉनला मिळणार नव्हता! "घाला बांधावर," ते म्हणाले आणि त्यांनी पपांचा हात हातात घेतला. साहेबांनी पेन्सिलीनं रेघ मारली. गाव व्हय म्हाराजा म्हणालं आणि चहाला पांगलं.

मी मात्र नकाशाकडे बघतच राहिले. बंधारा आमच्या आणि बाबूकाकांच्या मध्ये. वरची सगळी शेतं आत, गोड पाण्यात. आणि आमचं?

"पपा! आपलं शेत बंधाऱ्याच्या बाहेर गेलं! खारं पाणी तसंच येत राहणार!"

"येवंदे."

"आता तर दरवाजांनी अडलेलं सगळं आपल्याच शेतात शिरणार!"

"बरा झाला," पपा म्हणाले. त्यांनी मोबाइल काढला, आणि ज्याला मी भजनं समजत होते ते मला दाखवलं. एक माणूस तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं उपसत होता, आणि जाळ्यात ही एवढाली कोळंबी तडतड उडत होती. "सुंगटां घालूची आसत माका. दोन वर्षां बगतंय. खारा पाणी व्हया तेंका, माझ्या शेतात तसा आयता आसा. तू बंधारो, बंधारो करूक लागलंस तेव्हा माझो जीव वर-खाली. म्हटला, आता ह्या चेडू माझा पाणी गोडा करून सोडतला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगूक इल्लंय. तू आल्यावर म्हणालंस."

"मी म्हटलं, तुम्हाला भात लावायचंय. रोज संध्याकाळी बघत उभे राहता, पाण्याची चव घेता..."

"भात कित्याक? रेशनार गावता. मी खारेपणा बगी होतंय."

कौस्तुभ साहेब जीपमध्ये बसता बसता माझ्याजवळ आले. म्हणाले, "मॅडम, खात्यातल्या पोरांसमोर गरजांच्या विश्लेषणावर एकदा बोलाल का? आज जे बघितलं ते फारच वेगळं होतं." मी हो म्हटलं. काय सांगणार?

रात्री जेवताना मी ठरवलं, झालं ते झालं, शहाण्या माणसानं त्यातून शिकावं. घरातल्यांना आधी विचारायचं. पानावर बसल्या बसल्या, अगदी मनापासून, आईकडे वळून मी म्हटलं, "ममी, तुला कधी कोणी विचारलं नाही. आज मी विचारते. तुझी गरज काय आहे?"

आईनं जराही विचार केला नाही.

"मोरयेत भांडी पडली आसत," ती म्हणाली. "घास."